तंजावरास दोन दिवस : चांगले जेवण कसे शोधाल?

आधी पोटोबा, मग विठोबा, असे आपण म्हणतो खरे. पण सहलीचा बेत आखायला बसलो की नेमके उलटे करतो. देऊळ किती वाजता उघडते, राजवाडा कुठे आहे, परतीची गाडी कितीची, याचा टिपणकागद तयार होतो, आणि जेवणाचे विचारले तर उत्तर येते, "बघू, मिळेल कुठेतरी." मंडळी, सहल बिघडते ती या 'कुठेतरी'मुळे. दोन दिवसांचा प्रवास असला आणि पहिल्याच दुपारी शिळ्या भाजीने एखाद्या मुलाचे पोट बिघडले, तर दुसरा दिवस देवळात न जाता दवाखान्यात जातो. शिक्षकाच्या जिवाला घोर लागतो तो वेगळाच.

आज आपण एका शहराचे उदाहरण घेऊन या गोष्टीचा विचार करू. शहर आहे तंजावर. तळोजा, नावडे, पेंधर या भागांतल्या शाळांतून, तसेच पनवेल तालुक्यातल्या गावांतून, सुटीत दक्षिणेकडे जाणारी मंडळी आता पुष्कळ आहेत. रेल्वेने चेन्नई किंवा तिरुचिरापल्ली गाठावी आणि तिथून तंजावर. तिरुचिरापल्लीहून ते पन्नास-साठ किलोमीटरांवर आहे. बहुतेकांच्या हातात तिथे दीड-दोन दिवसच असतात. म्हणजे जेवणे किती? दोन सकाळचे फराळ, दोन दुपारची जेवणे, एक-दोन रात्रीची. एवढ्यांत चूक करायला जागा नाही.

तंजावरच का, असे कोणी विचारील. तर तंजावर हे मराठी माणसाला परके गाव नव्हे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी, म्हणजेच व्यंकोजी राजे, यांनी १६७६ च्या सुमारास तिथे राज्य स्थापले आणि भोसल्यांचा हा वंश १८५५ पर्यंत तिथल्या गादीवर होता. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याची हकीकत मराठीत कोरलेली आहे. तो शिलालेख १८०३ सालचा. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. त्याच ग्रंथालयाने सरफोजी राजांच्या मुदपाखान्यातल्या पदार्थांचे 'सरभेंद्र पाकशास्त्र' नावाचे मराठी पुस्तकही छापले आहे. तेव्हा तंजावरास जाऊन पोटाची हेळसांड करणे हे त्या राजांनाही आवडले नसते!

आणि परगावच्या माणसाला जेवू घालण्याची तिथली रीत तर फार जुनी. काशी-रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या मराठे राजांनी रस्त्यावर छत्रे बांधली होती. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र एकत्र. तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे सरफोजी राजांनी मुक्तांबेच्या नावाने उभारलेले छत्र आजही पाहायला मिळते. १८०१ साली इंग्रज रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात सरफोजींनी या छत्रांची व्यवस्था सांगितली आहे. येईल त्या जातीच्या वाटसरूला तिथे भात मिळे. मध्यरात्रीपर्यंत वाढप चाले, आणि शेवटी घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, अशी हाक दिली जाई.

आता ती घंटा नाही. पैसे आपले आणि निवडही आपली. निवड करायला मी तुम्हांला तीन शब्द देतो. मुलांकडून पाठ करून घ्या : वेळ, वर्दळ आणि वाफ.

पहिला शब्द वेळ. तिघांत हाच मोठा.

आपली एक सवय आहे. मुंबई-पनवेलकडे दाक्षिणात्य खाणे म्हटले की उडुपी होटेल डोळ्यांसमोर येते. माटुंग्याला रामा नायकांनी १९४२ साली खाणावळ सुरू केली. अशा खाणावळींनी आणि होटेलांनी मुंबईकराला इडली-सांबाराची गोडी लावली, हे त्यांचे उपकारच. पण पुढे आपल्या शहरांतल्या होटेलांनी गिऱ्हाइकाच्या मर्जीसाठी सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत सगळे काही ठेवले. इडली हवी, इडली, पंजाबी हवे, पंजाबी, नूडल्सही तयार. त्यामुळे आपल्याला वाटते, कोणताही पदार्थ कोणत्याही वेळी मागावा. तंजावरच्या साध्या होटेलात हा हिशेब चुकतो. तिथे पदार्थाला वेळ असते.

सकाळी साधारण सहा ते दहा ही 'टिफिन'ची वेळ. टिफिन म्हणजे डबा नव्हे, फराळ. इडली, वडा, पोंगल, डोसा आणि कॉफी. पोंगल म्हणजे तांदूळ आणि मुगाच्या डाळीची मऊ खिचडी. वर मिरी, जिरे, तूप. दुपारी बारा-साडेबारापासून तीनपर्यंत 'मील्स', म्हणजे भाताचे पूर्ण जेवण. तमिळमध्ये त्याला साप्पाडु म्हणतात. होटेलच्या दारात 'मील्स रेडी' अशी पाटी लागली की समजावे, भात उतरला. दुपारनंतर चुली थंडावतात. चार-पाच वाजता पुन्हा टिफिन : भजी, बोंडा, डोसा, कॉफी. रात्री बहुतेक ठिकाणी डोसा, इडली, परोटा असे हलके खाणे. भाताचे पूर्ण ताट रात्री सगळीकडे मिळतेच असे नाही.

आता यात चूक कुठे होते पाहा. मंडळी सकाळी उशिरा उठतात, अकरा वाजता इडली मागतात. ती सकाळची उरलेली असते. मग पोट भरलेले म्हणून दुपारचे जेवण साडेतीनला. तोवर भाज्या संपलेल्या, रसम् तळाशी गेलेले. रात्री नऊला भाताचे ताट शोधत फिरायचे आणि शेवटी बिस्किटांवर झोपायचे. होटेल चांगलेच होते. माणसे अवेळी गेली. म्हणून कोणते होटेल नामांकित, हे विचारण्याआधी या घडीला ताजे काय असेल, हे स्वतःला विचारा. अर्धे काम तिथेच झाले.

शिवाय देवाचे घड्याळही याला जुळते. बृहदीश्वराचा गाभारा दुपारी बंद असतो आणि पुन्हा संध्याकाळी चारच्या सुमारास उघडतो. दुपारी दगडी फरशी तापून पाय भाजतात, तेव्हा अंगणात हिंडण्यात अर्थ नाही. ती वेळ पानावर बसण्याची.

दुसरा शब्द वर्दळ. गर्दी पाहून जावे, हे सगळेच सांगतात. पण कोणाची गर्दी, ते पाहावे लागते. देवळासमोर चार प्रवासी बस उभ्या आहेत म्हणून तिथले होटेल भरलेले असेल, तर ती गर्दी आपल्यासारख्याच नवख्यांची. ती उद्या परत येणार नाही, हे मालकालाही ठाऊक असते. जिथे कचेरीतले कारकून, दुकानदार, वकील, बँकेतली माणसे दुपारी रोज येतात, तिथे स्वयंपाक बिघडला तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तुटते. रोजचे गिऱ्हाईक हाच स्वयंपाक्यावरचा खरा तपासनीस. तुम्ही तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत हे पाहत असालच. कामगार आणि ट्रकवाले ज्या टपरीवर रोज थांबतात, तिथली भाजी ताजी असते. तीच परीक्षा तंजावरास लावा.

विचारायचे कोणाला? ज्याला आपल्याला कुठे नेण्यात फायदा नाही, त्याला. स्टेशनावर गळ्यात पडणाऱ्याला विचारू नका. देवळाबाहेरच्या फुलवालीला विचारा, कापडदुकानदाराला विचारा, पोस्टातल्या बाबूला विचारा. आणि प्रश्न असा घाला : "तुम्ही स्वतः दुपारी कुठे जेवता?" 'चांगले होटेल कोणते' असे विचारले, की समोरचा माणूस आपले कपडे पाहून महागडे नाव सांगतो. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी एकच जागा सांगितली, तर बिनधास्त जा.

भाषेची भीती बाळगू नका. "नल्ल साप्पाडु एंगे किडैक्कुम?" म्हणजे चांगले जेवण कुठे मिळेल? एवढे वाक्य आले तरी माणसे हसून हात धरून वाट दाखवतात. पुरुषाला 'अण्णा' म्हणावे, बाईला 'अक्का'. दोन्ही शब्द आपलेच वाटतात की नाही? पाणी म्हणजे 'तण्णी', गरम पाणी 'सुडु तण्णी', पुरे म्हणजे 'पोदुम्', तिखट म्हणजे 'कारम्', ताक म्हणजे 'मोर', दही म्हणजे 'तयिर'. किती पैसे? 'एव्वळवु?' शिक्षकांनी हे दहा शब्द गाडीतच मुलांकडून घोकून घ्यावेत. भूगोलाच्या तासापेक्षा ते जास्त लक्षात राहतील.

तिसरा शब्द वाफ. परगावी पोट सांभाळायचे, तर जे वाफाळते आहे ते खावे. इडली भांड्यातून निघाली, डोसा तव्यावरून आला, भात वाफेचा आहे, सांबार उकळते आहे, तर भीती थोडी. कापून उघडी ठेवलेली फळे, सकाळपासून बाहेर असलेली खोबऱ्याची चटणी, पाण्यात बर्फ, यांपासून मुलांना दूर ठेवा. चटणी नारळाची असल्याने उन्हाळ्यात दुपारी लवकर आंबते; वास घेऊन मगच खावी. पाणी गरम मागितले तर तिथे कोणी नवल करीत नाही. बाटली घेतली तर झाकणाचे सील आधी पाहावे. आणखी एक खूण : हात धुण्याची जागा. जिथे नळ, साबण आणि कोरडी फरशी आहे, तिथे आतही बहुधा स्वच्छता असते.

या तीन शब्दांच्या जोडीला पाट्याही वाचाव्या लागतात. तमिळ लिपी येत नसली तरी इंग्रजी पाटी बहुधा असते. नसली तर विचारावे, 'सैवम्' की 'असैवम्'? सैवम् म्हणजे शाकाहारी, असैवम् म्हणजे मांसाहारी. शिवभक्तांच्या आहारावरून तो शब्द पडला. दुसरा शब्द 'अळवु साप्पाडु', म्हणजे मोजके जेवण. त्यात पुन्हा वाढत नाहीत; दर कमी. पूर्ण जेवणात भात, सांबार, रसम् हवे तेवढे. लहान मुलांना आणि वृद्धांना मोजके पुरते. पैसेही वाचतात आणि अन्नही टाकावे लागत नाही.

केळीच्या पानावर जेवण आले की गोंधळू नये. पानावर पाणी शिंपडून हाताने निपटून घ्यायचे. भात तीन-चार वेळा येतो. पहिला भात वरण-तुपाशी किंवा सांबाराशी, मग चिंचेच्या दाट कुळंबूशी, मग रसम्‌शी, शेवटचा दही-ताकाशी. आपल्याकडचा नवखा माणूस सांबारभातानेच पोट भरतो आणि रसम् आले की हात वर करतो. तसे करू नका. प्रत्येक वेळी थोडाच भात घ्या. दही-ताकाचा शेवटचा भात पोटाला सर्वांत चांगला. प्रवासात तर तो चुकवूच नये. जेवण झाले की पानाचा वरचा अर्धा भाग आपल्याकडे घडी करून मिटायचा. वाढप्याला तीच खूण पुरते.

पोळीवाचून ज्यांचे चालत नाही, त्यांना एक सूचना. तंजावरास 'पोळी' मागाल तर गोड पुरणाची पोळी हाती येईल. शब्द आपला, पण तिकडे तो गोड पदार्थालाच उरला आहे. साधी हवी तर 'चप्पाती' म्हणावे. तीही रात्रीच मिळण्याचा संभव अधिक. आपल्या पनवेलकरांना त्याचे दुःख फारसे नको. आपण भातखाऊ माणसे, आणि तंजावर हे कावेरीच्या खोऱ्यातले भाताचे कोठार. घाटावरच्या पाहुण्याला मात्र आधी सांगून ठेवा.

सांबाराची गोष्टही इथेच सांगतो. तंजावरच्या दरबारात आमटीला घालायची आमसुले संपली, म्हणून चिंच घातली, आणि पाहुण्या आलेल्या संभाजी राजांच्या नावाने त्या आमटीला सांबार नाव पडले, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे, पण तिला कागदाचा आधार सापडलेला नाही. मुलांना सांगताना कथा म्हणूनच सांगावी.

मासे-मटण खाणाऱ्यांनी असैवम् होटेलात दुपारी जावे. तेव्हा माल ताजा असतो. तंजावर समुद्रापासून दूर आहे, तेव्हा आपल्या खाडीकाठच्या माणसाने तिथे माशाची परीक्षा नीट करूनच पुढे जावे. बिर्याणीचा तांदूळ तिकडे बारीक, जिरेसाळीसारखा असतो. त्याला सीरग सांबा म्हणतात. चव घेण्यासारखी असते. उपासाची माणसे असतील तर साबुदाणा खिचडी तिकडे सहसा मिळणार नाही. दाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू घरून न्यावेत. केळी आणि शहाळी तिथे भरपूर. मधुमेहाच्या माणसाने कॉफी सांगतानाच साखर नको म्हणून सांगावे. ती बहुधा साखर घालूनच येते.

कॉफीवरून आठवले. तिकडची कॉफी पितळेच्या किंवा स्टीलच्या पेल्यात, खाली पसरट वाटी ठेवून देतात. शेजारच्या कुंभकोणमची 'डिग्री कॉफी' प्रसिद्ध आहे. दुधात पाणी नाही, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. गोड खायचे तर 'अशोका' विचारा. मुगाच्या डाळीचा हा हलवा तंजावरजवळच्या तिरुवैयारूचा. त्यागराजांची समाधी आहे तेच हे गाव.

आता दोन दिवसांची मांडणी. रेल्वे स्टेशन, बृहदीश्वराचे देऊळ, जुने बसस्थानक आणि राजवाडा ही सगळी ठिकाणे एकमेकांपासून फार दूर नाहीत. नवे बसस्थानक मात्र गावाबाहेर आहे, हे लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी सकाळी स्टेशन ते जुने बसस्थानक या गांधीजी रस्त्याच्या बाजूला टिफिन करा, आणि तिथेच दुपारच्या जेवणाची जागा विचारून ठेवा. देऊळ पाहून साडेबाराला पानावर बसा. विश्रांती घेऊन राजवाडा आणि ग्रंथालय. संध्याकाळी कॉफी आणि पुन्हा देऊळ. रात्री हलका डोसा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पोंगल खाऊन तिरुवैयारूला जाऊन या. दुपारी, काल जिथे जेवण मानवले, तिथेच जा. नवीन जागा शोधण्याचा मोह परतीच्या दिवशी नको.

शाळेची चाळीस मुले असतील, तर आदल्या संध्याकाळी होटेलमालकाला भेटून संख्या, वेळ आणि दर ठरवावा आणि बाराच्या ठोक्याला पोहोचावे. मुलांच्या दोन पंगती कराव्यात. एका शिक्षकाने आधी चव घ्यावी. जलसंजीवनीची, म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटे, जवळ असावीत.

बिलाविषयी दोन शब्द. प्रत्येक खाद्यगृहाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक घ्यावा लागतो. तो दुकानात लावलेला असावा, आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापावा लागतो. सेवाशुल्क म्हणून आपोआप रक्कम लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तशी रक्कम दिसली तर नम्रपणे काढायला सांगावी. साध्या उपाहारगृहात वस्तू व सेवा कर लागलाच तर तो पाच टक्के असतो.

मोबाइलवर तारे पाहून होटेल निवडणारेही आता बरेच आहेत. पाहावे, त्यात वाईट काही नाही. पण तारे किती, याहून अभिप्राय किती ताजे आणि कोणाचे, ते पाहावे. गेल्या महिन्यातले, तमिळ भाषेतले अभिप्राय पुष्कळ असतील तर तिथे गावची माणसे जातात असे समजावे. ताटाचे फोटो दुपारचे आहेत की रात्रीचे, हेही बघावे.

तुम्ही म्हणाल, एवढे सांगितले, पण एकाही होटेलाचे नाव घेतले नाही. मुद्दामच घेतले नाही. होटेल हात बदलते, स्वयंपाकी सोडून जातो, आज छापलेले नाव दोन वर्षांनी खोटे ठरते. खुणा मात्र तंजावरास लागू, मदुरेला लागू आणि म्हैसूरलाही.

आणि या खुणांचा सराव करायला तंजावरास जाण्याची गरज नाही. येत्या रविवारी पनवेलच्या बाजारात मुलांना घेऊन जा. बाराच्या सुमारास चार खाणावळी बाहेरून पाहू द्या : कोण जेवते आहे, काय वाफाळते आहे, हात धुण्याची जागा कशी आहे. प्रत्येकाने एक खाणावळ निवडावी आणि ती का निवडली, हे पाच ओळींत लिहावे. सोमवारी वर्गात ते वाचून घ्या. मग तंजावरची तिकिटे काढायला हरकत नाही.